पोथीतलं पोरगं आन साट्यालोट्याच्या पोरी

नरसिंहपूरच्या देवळात वैशाखात देवाचा जल्म हुतो. त्याच्या आदी मांडवात पोथी लागती. बापाचं न ऐकनाऱ्या पोराची गोष्ट. बाप राजा, राक्षेस. पोराला म्हनतो माझं नाव घे, देवाचं घेऊ नगंस. पोरगं म्हनतं, घेनार. बाप त्याला कड्यावरनं लोटतो, हत्तीच्या पायी देतो, पोरगं काय हटत न्हाय. शेवटी खांब फुटतो आन देव भाईर येतो. ही गोष्ट आयकताना मांडवातलं सगळं बापय रडायचं. धा-धा पोरांचं बाप, मिशावालं, आन पटक्याच्या शेवानं डोळं पुसायचं. म्हनायचं, पोरगं असावं तर असं.

मला ह्याचा राग येतो. आता डोळ्याला दिसत न्हाय, पाय चालत न्हाईत, पर राग हाय तसा हाय.

ल्हानपनी मातर मला ते पोरगं लई आवडायचं. माझ्याच वयाचं असंल असं वाटायचं. आमचं गाव देवळापासनं लांब न्हवतं. भिमंच्या कडंला माळव्याचं रान, वांगी, दोडकी, काकडी. मी आयच्या संगं बायकांच्या बाजूला बसायची. एकदा मी आयला इचारलं, बाप पोराला कड्यावरनं लोटत हुता तवा त्याची आय कुठं हुती? आय म्हनली, "असंल की सैपाकघरात. गप बस."

मी दुसरी शिकलेली. मास्तर म्हनायचा, पोरगी हुशार हाय. पर मला पोथी वाचता यायची न्हाय, आयकूनच ठावं. आयकल्या बी लई. त्यात पोरी असायच्या. बापानं पैज लावली, जिकंल त्याला दिली, पोरगी गेली. बापानं रानातल्या म्हाताऱ्या ऋषीला दिली, पोरगी गेली, वर त्याचं पाय चेपलं. नवऱ्यानं घालवली, गेली. एक बी म्हनली न्हाय का मी जात न्हाय. आन एखादी आपल्या मनानं बोललीच तर ती राक्षसीन, तिचं नाक कापलं. पोरगं उलटं बोललं का देव खांबातनं येतो. पोरगी उलटी बोलली का सुरी येती. हे लिवनारं कोन हुतं ते मला म्हाईत न्हाय, पर त्यांच्या घरात पोरी हुत्याच का न्हाई असं वाटतं.

आता माझं सांगते.

माझ्या थोरल्या भावाच्या एका डोळ्यात देवीचं फूल पडलं हुतं. दादा कामाचा वाघ, बोलनं गोड, पर डोळ्यामुळं कुनी पोरगी दीना. आबा, म्हंजी माझा बाप, दोन-तीन वर्सं हिंडला. मग बावड्याच्या बाजारात त्याला पिंपळीचा एक गडी भेटला. पिंपळी बारामतीच्या अंगाला, पाटाच्या पान्यावरचं गाव, तितं ऊस. त्याच्या घरात एक पोरगी लग्नाची हुती. आन तिचा भाऊ बिजवर. त्याची पैली बायकू इहिरीत गेलती. पाय घसरला म्हनायचे. आबानं साटंलोटं ठरवलं. आमची पोरगी तुमच्याकडं, तुमची आमच्याकडं. तवा ही लई शानपनाची गोष्ट समजायचे. म्हनायचे, दोनी घरच्या लेकी एकमेकाच्या घरात, मग कोन कुनाला छळील? बाप्यांना आपलीच अक्कल लई आवडली. बसून पान खाल्लं, सुपारी फोडली.

मला तवा चौदावं चालू हुतं. त्या मानसाचं वय माझ्या दुपटीच्या वर. आन ती इहीर. आमच्या गावात पिंपळीकडनं आलेली एक बाई हुती, ती पान्यावर बायकांना सांगायची का त्या मेलेल्या बाईच्या पाठीवर वळ हुतं, घसरनारीच्या पाठीवर वळ कशाला असतील. हे आबाला बी ठावं हुतं. सगळ्या गावाला ठावं हुतं.

मी आबाला म्हनलं, "मी तितं जानार न्हाय."

आबाला वाटलं मी चेष्टा करतीया. हसला. मग मी म्हनलं, त्या पोथीतल्या पोरानं बी बापाला न्हाय म्हनलं हुतं, तुमी तर त्याला हात जोडून रडला. तसा त्यो उठला. बैलाचा कासरा खुट्टीला हुता, त्यो घेतला. मारताना बोलत हुता, पोथीतलं पोथीत ऱ्हाऊ दे, माझ्या घरात आनायचं न्हाय. आय सैपाकघरात हुती. दादा मधी पडला, त्याला बी दोन बसलं.

मी अडानी. मला वाटलं आबा चुकला तरी म्हाराज चुकायचं न्हाईत, ते रोज ती गोष्ट सांगत्यात. म्हनून मी देवळात गेले. पोथी सांगनारं म्हाराज ओवरीत जेवून बसलं हुतं. मी वळ उठल्याली पाठ दाखवली न्हाय, पर सांगितलं सगळं, इहिरीचं बी सांगितलं. म्हनलं, तुमी आबाला सांगा, तुमचं आयकतील. म्हाराज भला मानूस, रागावलं न्हाईत. सुपारी कातरता कातरता म्हनलं, "त्यो पोरगा देवासाठी बोलला, बाळ. तू सोतासाठी बोलतीस."

मी म्हनलं, "इहिरीत मीच जानार हाय. मग कुनासाठी बोलू?"

त्यांनी माझ्या हातावर खडीसाखर ठिवली आन घरी जा म्हनलं. वर आबाला गाठून सांगितलं, पोरीला सांभाळा, देवळात आलती. मग आबानं परत मारलं, ह्या वेळंला घरचं भाईर सांगितलं म्हनून.

लग्नं एकाच मांडवात लागली, एकाच दिशी. अंतरपाट धरला तवा मी पैल्यांदा त्या पोरीला बघितलं. माझ्यायेवढीच. सावळी, दात थोडं पुढं. आमी दोघी एकमेकीच्या वयनी बी झालो आन नंदा बी. हळदीच्या अंगानं शेजारी बसलो तवा ती माझ्या कानात म्हनली, "कुनाला वयनी म्हनायचं?" मी म्हनलं, तू मला म्हन, मी तुला म्हनते. ती हसली. मग बायका उठायला लागल्या तसं हळूच म्हनली, "इहिरीवर एकटी जाऊ नगंस."

पिंपळीत कामाला कमी न्हवतं. उसाला पानी, जनावरांचं शान, सासऱ्याचं म्हंजी तात्याचं जेवान, आल्यागेल्याचा चा. कामाला मी भ्याले न्हाय. त्या मानसाला भ्याले. त्याला मारायला कारन लागायचं न्हाय. पानी गार का, पानी गरम का. एकदा भाकरीचा पापुद्रा फाटला म्हनून उलथनं तापवून हातावर ठिवलं. तात्या सोप्यात बसल्याला, आयकायचा आन खाकरायचा. तेवढंच.

पंचमीला आबा मला न्यायला आला. घरी आल्यावर आयनं हात बघितला आन त्याला दाखवला. आबाचं तोंड बदललं. मला वाटलं, आता हा मला ठिवून घेतो. त्यो भाईर गेला, दादाला हाक मारली आन म्हनला, हिच्या हातावर डाग हाय, तुझ्या बायकूला बी तेवढाच दे. तिकडं कळूं दे.

साट्यालोट्याची ही रीतच हुती. तिकडं एकीला वळ उठला का हितं दुसरीला उठवायचा. निरोप जायचा. तात्याच्या लेकीला मारलं का तात्या आपल्या पोराला आवरील, असा हिशेब. बाप्यांना वाटायचं दोनी पोरी सुखी ठिवायची किल्ली आपल्या हातात हाय. खरं म्हंजी दोन पोरी गहान पडल्या हुत्या.

दादाला ते जमंना. त्यानं वयनीला गोठ्यात नेलं, दार लावलं, आन कडब्याच्या पेंड्यांवर गोनपाट टाकून त्यावर काठी घालायला लागला. वयनीला म्हनला, वराड. वयनी वराडली. मी फटीतनं बघत हुते. दादा घाम येईस्तवर गोनपाटाला बडवतोय आन वयनी भिताडाला टेकून बोंबलतीया, आय मेले, आय मेले. मधीच त्याची काठी सटकली आन त्याच्याच नडगीवर बसली, तसं तिला हसू फुटलं. ते हसू आबाला आयकू गेलं.

आबा दार लोटून आत आला. दादाच्या हातातली काठी घेतली आन सोता मारलं. सुनंला सासऱ्यानं हात लावायचा नस्तो, सावलीत बी हुबं ऱ्हायचं नस्तं, पर मारायला चालतं. झाल्यावर काठी टाकून म्हनला, फिटलं. जसं काय पाटाचं पानी पाळीनं मोजून दिलं.

वयनीच्या पाठीला हळद लावायला मी बसले. ती रडत न्हवती. तिनं मला पैल्यांदा ते सांगितलं. पैली वयनी इहिरीत पडली तवा ही काठावर हुती. म्हनली, "घसरली न्हाय ती. मार चुकवायला पळाली आन उडी टाकली. वर आलती, हात बी वर केलता. दोर माझ्या भावाच्या हातात हुता. त्यानं खाली सोडला न्हाय."

दुसऱ्या दिशी आबानं मला पिंपळीला नेऊन घातलं.

दिवाळी झाली. एकदा इहिरीवर मोट सुटली आन त्यानं मला केसाला धरून काठावर नेलं. म्हनला, खाली बघ, तुझी बहीन बसलीया. गडी-मानसं आली म्हनून सोडलं. त्या दिशी बांगड्या भरायला कासारीन आलती, तिनं हे बघितलं. ती गावोगाव हिंडनारी, आठवड्यात तिच्या तोंडनं आमच्या घरात कळलं. आबा म्हनला, सुनंला परत दोन द्या म्हंजी तिकडं त्यो मुकाट्यानं ऱ्हाईल. आबा घरात नसताना वयनी आयला म्हनली, मी जाते. साट्यातली एक म्हायेरी गेली का दुसरीला धाडायला लागतं. ही रीत बी त्यांचीच हाय.

माझ्या आयनं तिला भाकरी बांधून दिली. एष्टीचं भाडं पदराच्या गाठीतनं काढून दिलं. बावड्याला माळव्याची गाडी जात हुती, तिच्यात बसवून दिलं. हे मला मागनं कळलं, वयनीकडनंच. आयनं मरंस्तवर तोंडानं सांगितलं न्हाय. पोथीतल्या त्या पोराच्या आयनं बी असंच काय केलं असंल, आन लिवनाऱ्यानं सोडून दिलं असंल. आयांचं सोडूनच देत्यात.

वयनी इंदापुरातनं एष्टीनं बारामतीला आली आन तितनं पायी. दुपारचं मी अंगनात सारवत हुते. सोप्यात तात्या आन भावकीतली चार म्हातारी गडी-मानसं बसल्याली, कारखान्याला ऊस कवा जानार ह्याचं बोलनं चाललं हुतं. तिनं मुद्दाम ती वेळ धरली का नशिबानं गावली ते मला म्हाईत न्हाय. डोईवर पदर घेऊन ती सरळ सोप्याम्होरं हुबी ऱ्हायली.

तात्यानं इचारलं, "कोनी घालवली तुला?"

"कोनी न्हाय. मीच आले. वयनीला धाडा."

"मारत्यात का तुला?"

तिनं व्हय म्हनलं असतं तर तात्याला सोपं झालं असतं. पोराला सांगितलं असतं, तिला बी दोन ठिव. सगळं रीतीपरमानं. वयनी म्हनली, "माझा नवरा बोट बी लावत न्हाय. तुमचं पोरगं हिला मारतं म्हनून मी आले. एकीला मारलंय, दुसरीला मी मरू देनार न्हाय."

म्हाताऱ्यांच्या चिलमी हातातच ऱ्हायल्या. इहिरीचं सगळ्यांना ठावं हुतं, पर त्या घरात ते तोंडानं कुनी काढलं न्हवतं. त्यो तिचा भाऊ गोठ्यातनं आला आन सगळ्यांदेखत तिच्या तोंडात मारली. ती उंबऱ्यावर बसली. तात्यानं कुनाकडं न बघता म्हनलं, उठ, उंद्या तुला सोडतो तिकडं. ती म्हनली, सोडा. मी परत येते. किती बारी सोडता बघू.

मग त्यातला सगळ्यात थोरला म्हातारा बोलला. माया आली म्हनून न्हाय. म्हनला, तात्या, साट्याची लेक घरी बसली आन त्यांची पोरगी तू ठिवलीस, तर भावकीत बोलनं हुईल. फुकटची सून ठिवली म्हनतील. तात्याला मेलेल्या सुनंची लाज वाटली न्हवती. ह्याची वाटली. माझ्याकडं बघून म्हनला, बोचकं बांध.

वयनीनंच बांधायला मदत केली. लुगडं घडी करून मी बोचक्याची गाठ मारली. ती म्हनली, गाठ घट मार, गाडीत सुटंल.

मी घरी आले तर आबा दारातच. म्हनला, हिला कोनी बोलावलं. घरात घेतलं, पर दोन दिसांनी दादाला धाडलं, बायकूला घिऊन ये. ती आली का मी परत जानार, हे सांगायची बी गरज न्हवती.

दादा पिंपळीला गेला. वयनी त्याच्याशी बांधावर बसून बोलली. त्याला गूळ-शेंगा खायला दिल्या. म्हनली, तुमी चांगलं हाय, मला तुमच्याकडं नांदायचं हाय. पर आबांनी देवाम्होरं तुळस उचलून सांगावं का मी आल्यावर तिला परत घालवनार न्हाय. मग मी आजच येते.

येवढंच. तुळशीचं एक पान. देऊळ तर आमच्या हाकंवर. दादानं येऊन आबाच्या पाया पडून सांगितलं. आय सैपाकघरातनं भाईर आली, ती बी म्हनली, उचला की. मी काय म्हनायचंच न्हवतं.

आबा म्हनला, "सुनंनं मला अटी घालायच्या? मग ह्या घरात बाप कोन?"

दादा दुसऱ्यांदा गेला, मोकळ्या हातानं आला. आबा हलला न्हाय. चारचौघांत काडीमोड केली आन दुसरीकडची, गरिबाघरची पोरगी दादाला करून आनली. एका पानासाठी दादाचा संसार मोडला, वयनीचा मोडला. आन वैशाखात आबा मांडवात पैल्या वळीत. म्हाराजांनी राक्षसाचं वर्नान सुरू केलं, कसा आडमुठा बाप, कसा मीच देव म्हननारा. आबा मान हलवून म्हनत हुता, व्हय म्हाराज, व्हय. मी बायकांतनं उठले आन भाईर आले. त्या मांडवात परत बसले न्हाय.

दादाचं दुसरं लगीन झालं तसं साटं तुटलं. आता मला कोन पिंपळीला घालवू शकत न्हवतं. ते वयनीला सांगायला मी एकटीच एष्टीनं गेले. आबाला इचारलं न्हाय. गावात शिरले न्हाय, पाटाच्या कडंनं त्यांच्या रानात गेले. ती कांदं खुरपत हुती. वाळली हुती. दादाच्या लग्नाचं तिला आदीच कळलं हुतं. म्हनली, बायकू कशी हाय? मी म्हनलं, बरी हाय, गप असती. ती म्हनली, "जेवान बरं करती का? त्येला तिखाट सोसत न्हाय."

मला रडू आलं तसं ती चिडली. म्हनली, रडायला आलीस का खुरपायला. मी दुसरं खुरपं घेतलं.

गावात तिला काय काय म्हनायचे ते तिनं हसत सांगितलं. नवरा टाकून आल्याली. लग्नाघरात हळदीला बोलवत न्हाईत, वटी भरत न्हाईत. भाऊ जेवायला भाईर वाढतो. आता मारत न्हाय, कारन एकदा त्यो अंगावर आला तवा ती खुरपं घिऊन हुबी ऱ्हायली आन म्हनली, ये. तात्या खाकरला, पर त्यो आला न्हाय.

मी म्हनलं, त्या पोरापरीस तुझं मोठं हाय. त्याच्यामागं देव हुता, तुझ्यामागं कोन हुतं. तुझी पोथी लावाय पायजे देवळात.

वयनी म्हनली, "नगं बाई. पोथीत घातली तर शेवटाला मला नवऱ्याच्या पायावर घालतील, आन मांडव रडंल."

खरंच हुतं ते. मी सगळ्या पोथ्या आठवून बघितल्या, तसाच शेवट हुता.

आमी वाफा संपवला. लांबनं तिच्या भावानं बघितलं, कोन हाय ती, म्हनून वराडत बांधावर आला. मला वळखलं तसा थांबला. वयनीनं मान बी वर केली न्हाय. मला म्हनली, तुझी एष्टी जाईल, ऊठ. कांद्याची एक पेंडी बांधून दिली. मी त्याच्या म्होरनंच बांधावरनं गेले, येवढ्या जवळनं का त्याच्या धोतराला माझा पदर लागला. त्यो बाजूला सरला.